त्याने मुलांचा जीव घेतला, मग त्याचं ड्रेसिंग मी का करायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात इथे मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल चाललंय. तुम्ही तीन वर्षं आयसीयूत आहात, तुमच्याकडे पोलिसांच्या गोळीने जखमी झालेला एक आरोपी आलाय, त्याच्यावर दोन लहान मुलांच्या खुनाचा आरोप आहे, टीव्ही लावला की त्याचाच चेहरा, आणि परवाच्या नाइटला तो तुमच्या वाटणीला येणार आहे. तुम्ही विचारलंय की असल्या माणसाची सेवा बाकीच्या पेशंटसारखीच करायची का, आणि मी नाही म्हटलं तर चालतं का. आणि अगदी शेवटी एक ओळ टाकलीय, की मला माझीच भीती वाटतेय.

मला वाटतं तुमचा खरा प्रश्न ती शेवटची ओळ आहे. पहिल्याचं उत्तर तुम्हाला माहितीये, पहिल्या वर्षालाच पाठ करून घेतात आपल्याकडून, की पेशंटचा धर्म, पैसा, गुन्हा काही बघायचं नाही. पण मनात एवढा संताप भरलेला असताना अख्खी नाइट हात सरळ कसे ठेवायचे हे कुणी शिकवत नाही. मी २६ वर्षं नर्सिंग करतेय, आधी कॅज्युअल्टी, मग सर्जिकल आयसीयू, आणि मधली सहा वर्षं कैदी वॉर्ड. त्या सहा वर्षांच्या जोरावर लिहितेय. माझं उत्तर हो असं आहे, सेवा तीच आणि तेवढीच, पण त्यात बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्याही सांगते.

आधी तो "लायकी" शब्द बाजूला ठेवू. लोक मला विचारतात की त्याची लायकी आहे का उपचार घ्यायची. आता उपचार म्हणजे काही बक्षीस नाही ना, की चांगलं वागलास म्हणून घे. कॅज्युअल्टीत एका रात्री एक दारू पिऊन गाडी चालवणारा आणि त्याने उडवलेला एक कॉलेजचा मुलगा, दोघं एकाच ॲम्ब्युलन्समधून आले. मुलाच्या पायाचं हाड मोडलेलं, ओरडत होता बिचारा, पण नाडी चांगली, रक्तस्राव थांबलेला. आणि तो दारूडा गप्प पडलेला, तोंडात रक्त साठलेलं, श्वास घरघर करत होता. आम्ही आधी दारूड्याकडे गेलो. मुलाचा काका माझ्या अंगावर धावून आला, की तुम्हाला लाज नाही वाटत का. मला त्याचा राग कळत होता. पण आम्ही कोण चांगला कोण वाईट हे बघितलंच नव्हतं, कोण पाच मिनिटांत मरेल एवढंच बघितलं होतं. त्या मुलाला सुद्धा उद्या दुसऱ्या एखाद्या कॅज्युअल्टीत हाच नियम वाचवणार आहे, कारण तिथे त्याच्याबद्दल कोणी काय सांगितलेलं असेल ते आपल्या हातात नसतं.

आणि सांगितलेलं चुकीचंही असतं हो. एकदा पोलिसांनी दोघांना आणलं, एकाला "हा हल्लेखोर" म्हणून आणि एकाला "हा जखमी" म्हणून. सकाळपर्यंत उलटं निघालं, ज्याला हल्लेखोर म्हणून बेडी घातली होती तो भांडण सोडवायला मध्ये पडला होता. तरी या मुद्द्यावर मी फार जोर देत नाही, कारण मग कुणीतरी म्हणेल की ठीक आहे, पण समजा गुन्हा सिद्ध झालाय, कबूल केलाय, कॅमेऱ्यात दिसलाय, मग? तर मग सुद्धा तेच. शिक्षा काय द्यायची ते कोर्ट ठरवतं, आणि कुठल्याच कोर्टाने शिक्षेत "याचं पेनकिलर एक तास उशिरा द्या" असं लिहिलेलं नसतं. ते आपण आपल्या मनाने वाढवतो.

हे काही आजचं शहाणपण नाही. १८५९ मध्ये इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर शेजारच्या कास्टिल्योने गावातल्या बायकांनी दोन्ही बाजूंच्या जखमी सैनिकांना सारखंच पाणी पाजलं, जखमा बांधल्या, आणि ते बघणाऱ्या आंरी ड्युनां या स्विस व्यापाऱ्याच्या खटपटीतून पुढे रेड क्रॉस उभं राहिलं, १८६४ चा पहिला जिनिव्हा करार झाला. १९४९ च्या करारात तर स्पष्ट लिहिलंय की जखमींमध्ये कुणावर आधी उपचार करायचे हे फक्त वैद्यकीय निकडीवर ठरेल. म्हणजे काल ज्याने तुमच्या माणसांवर गोळ्या झाडल्या त्याला सुद्धा. युद्धात जर हे पाळायचं तर आपल्या वॉर्डात का नाही? कोर्टांनीही हेच म्हटलंय. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९७६ मध्ये सांगितलं की कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं ही क्रूर शिक्षा आहे, भारताच्या सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये सांगितलं की जखमी माणूस निर्दोष असो की गुन्हेगार, आधी त्याचा जीव वाचवायचा. आणि २०१५ चे संयुक्त राष्ट्रांचे मंडेला नियम आहेत, त्यात कैद्याला बाहेरच्या माणसाला मिळतो त्याच दर्जाचा उपचार मिळायला हवा असं आहे.

आता प्रत्यक्ष काय होतं ते बघा. १९६३ च्या २२ नोव्हेंबरला गोळी लागलेल्या अमेरिकेच्या अध्यक्ष केनेडींना डॅलसच्या पार्कलँड हॉस्पिटलमध्ये आणलं, तिथे त्यांच्यावर धडपड करणाऱ्यांत डॉ. माल्कम पेरी होते. दोनच दिवसांनी, २४ तारखेला, केनेडींना मारल्याचा आरोप असलेला ओस्वाल्ड गोळी लागून त्याच हॉस्पिटलात आला आणि त्याच्या ऑपरेशनला तेच पेरी उभे होते. ओस्वाल्ड वाचला नाही, आणि त्याच्यावर खटला कधी उभाच राहिला नाही, लोक आजही भांडतायत की नक्की काय झालं. याच्या उलट २०१३ चं बॉस्टन बघा, मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटातला आरोपी जखमी अवस्थेत ज्या हॉस्पिटलमध्ये आणला तिथेच त्या स्फोटातले काही जखमी अजून ॲडमिट होते. त्याला वाचवलं, २०१५ मध्ये खटला चालला, ज्यांचे पाय गेले त्यांनी त्याच्यासमोर साक्षी दिल्या. आणि पिट्सबर्ग, २०१८, सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, ११ माणसं मारणारा जखमी होऊन आला तेव्हा त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत एक ज्यू नर्स होता, वडील रब्बी, म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू. त्याने त्या पेशंटला आपण ज्यू आहोत हे सांगितलंसुद्धा नाही, आपलं काम केलं. मला जेव्हा जेव्हा कुणाचा फार राग येतो ना, तेव्हा मी त्या नर्सचा विचार करते, की त्याच्यापेक्षा माझं काय कठीण आहे.

पण ही मोठी उदाहरणं झाली, आणि त्यातला एक धोका असा की आपल्याला वाटतं पक्षपात म्हणजे "मी याला हात लावणार नाही" असं कुणीतरी ठणकावून सांगणं. २६ वर्षांत असं ठणकावणारं मला एखाददुसरंच भेटलं. पक्षपात फार बारीक असतो, तो घड्याळात असतो. बेल वाजली तर "जाते जरा वेळाने", पेनकिलरची वेळ झाली तर "आधी तीन नंबरचं करू", तोंडाची स्वच्छता राहिली तर राहिली, कूस बदलायची तर कॉन्स्टेबलला उठवावं लागतं म्हणून राहू दे, कुठलं इंजेक्शन देतोय ते न सांगता सुई टोचायची. यातलं एकही चार्टवर दिसत नाही. पण पेशंटला सगळं कळतं, आणि शरीराला तर कळतंच.

माझ्याकडून झालेलं सांगते. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. कैदी वॉर्डातलं दुसरं वर्ष, एक शिक्षा झालेला माणूस होता, नाव सगळ्यांना माहीत असलेला, काय केलं होतं ते लिहीत नाही, वाचून झोप लागणार नाही तुम्हाला. पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, उजवा हात कॉटच्या दांडीला बेडीने अडकवलेला. रात्री दोनच्या सुमाराला तो ओरडायला लागला, पोटात दुखतंय. मी म्हटलं ऑपरेशन झालंय, दुखणारच, औषध दिलंय. परत ओरडला. सगळे म्हणाले नाटक करतोय, आणि मलाही ते पटायचंच होतं. मी दुसऱ्या पेशंटचं सलाइन बदललं, एकाचा रिपोर्ट चिकटवला, टेबलावर बसून चार्ट पुरा केला. चाळीस मिनिटांनी त्याच्याकडे गेले. चादर बाजूला केली तर युरोबॅग, म्हणजे लघवी साठायची पिशवी, रिकामी, आणि लघवीसाठी घातलेल्या कॅथेटरची नळी कॉटची दांडी आणि बेडीची साखळी यांच्यामध्ये चेमटून बसलेली. पोट बेंबीपर्यंत टणक. नळी सोडवली तशी ८०० मिली लघवी आली. माणूस घामाने भिजला होता, त्याने काहीच म्हटलं नाही, फक्त डोळे मिटले.

नंतर चार्ट बघितला तर लघवीच्या रकान्यात शेवटच्या दोन तासांचे आकडे कोरे होते. बाकी चार पेशंटचे भरलेले. बाकीच्यांच्या कॉटजवळून जाताना माझी नजर आपोआप बॅगेवर जाते, त्याच्या कॉटजवळून मी बहुतेक नजर न टाकता जात होते. आणि बेल? बेल उजव्या बाजूला टांगलेली होती, बेडीच्या हाताला, त्याला ती दाबताच येत नव्हती, म्हणून तो ओरडत होता आणि आम्ही म्हणत होतो बघा कसा ओरडतो. मी ड्युटी डॉक्टरांना उठवून सांगितलं, घडलं तसं लिहून दिलं, मेमो मिळाला, तो मिळायलाच हवा होता. मी त्या माणसाचं वाईट व्हावं असं एकदाही मनात आणलं नव्हतं, खरंच. फक्त माझ्या नजरेने त्याला टाळलं, एवढं पुरलं.

म्हणून तुम्ही लिहिलंत की स्वतःची भीती वाटते, तेव्हा मला बरं वाटलं. जी सिस्टर म्हणते की मला काही फरक पडत नाही, तिच्याकडे मी जास्त लक्ष ठेवते.

तेव्हापासून मी काय करते ते सांगते. माझा मनावर भरवसा नाही, म्हणून मी सवयींवर टाकते सगळं. अशा पेशंटचं मी घड्याळ लावून करते, बेल कधी वाजली आणि मी कधी पोचले ते कागदाच्या तुकड्यावर लिहिते, सकाळी शेजारच्या पेशंटशी ताडून बघते. पेनकिलरच्या वेळी सगळ्यांना जसं विचारते तसंच त्यालाही, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, आणि तो जो आकडा सांगेल तो लिहिते, मला पटो न पटो. हात लावायच्या आधी सांगते की आता ड्रेसिंग काढतेय, थंड लागेल. त्याचं नाव मोबाइलवर शोधत नाही, हे फार महत्त्वाचं, कारण एकदा वाचलं की ते डोळ्यांपुढून जात नाही आणि त्याचा उपचाराला काडीचा उपयोग नसतो. हँडओव्हरला, म्हणजे पुढच्या शिफ्टकडे पेशंट सोपवताना, सुरुवात "सात नंबर, पोटात गोळी, ऑपरेशनचा दुसरा दिवस" अशी करायची, "तो मुलांचा खुनी" अशी नाही. तो मारामारी करतो का, पळायचा प्रयत्न केलाय का, हे मात्र सांगायचंच, ते आपल्या सुरक्षेचं आहे. कात्री, ब्लेड ट्रेमध्ये मोजून न्यायचं, मोजून आणायचं, स्वतःच्या घरादाराची माहिती द्यायची नाही, एकटीने जायचं नाही. सेवा नीट करायची म्हणजे बेसावध राहायचं असं कुणी म्हटलेलं नाही.

पोलिसांचं वेगळं सांगावं लागेल, कारण आयसीयूत हे हमखास होतं. कुणीतरी अधिकारी येतो आणि म्हणतो सिस्टर, झोपेचं औषध जरा कमी करा, दोन प्रश्न विचारायचेत. तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं की डॉक्टरांशी बोला, आणि डॉक्टरांनीही ते फक्त पेशंटच्या तब्येतीवर ठरवायचं असतं. १९७५ चा टोकियो जाहीरनामा डॉक्टरांसाठी आहे, छळात किंवा अमानुष वागणुकीत कुठल्याही प्रकारे सहभागी व्हायचं नाही म्हणून, पण त्यामागचा विचार आपल्यालाही लागू आहे. कॉन्स्टेबल दिसेल इतक्या अंतरावर असावा, पण पेशंट डॉक्टरांशी काय बोलतो ते ऐकू येईल इतक्या जवळ नको, जिथे शक्य असेल तिथे. बेडी ढिली करायची की काढायची हे सुरक्षेवरही अवलंबून आहे, पण बेडीमुळे हात काळानिळा पडतोय हे सांगणं आपलं काम आहे आणि ते लेखी सांगायचं. बाळंतपणात, कळा सुरू असताना आणि बाळंत झाल्यावर लगेच बेडी घालायचीच नाही असं मंडेला नियमांत आहे, हे बऱ्याच पोलिसांना माहीत नसतं, तेव्हा माहीत असू द्या. आणि पेशंट स्वतःहून गुन्ह्याबद्दल बोलायला लागला तर सरळ सांगा की मी त्याबद्दल बोलत नाही, तुमच्या वकिलाशी बोला. फक्त कुणाच्या जिवाला धोका आहे असं काही बोलला तर ते पोटात ठेवायचं नाही, लगेच सीनियरना.

आता तुमचा दुसरा प्रश्न, नाही म्हणता येतं का. हे खरंच परिस्थितीवर आहे. ती मुलं तुमच्या नात्यातली, ओळखीतली असतील, किंवा असलंच काही तुमच्या स्वतःच्या आयुष्यात घडलेलं असेल, तर तुम्ही नाही म्हणायलाच हवं असं मी म्हणेन, कारण तिथे तुमच्याकडून चूक होण्याचा धोका पेशंटला आहे. इन्चार्जना ड्युटी सुरू व्हायच्या आधी सांगा, कारणाचा तपशील द्यायची गरज नाही, "वैयक्तिक कारण आहे" एवढं पुरतं. नुसता राग असेल तरी बोला, आम्ही अशा पेशंटची ड्युटी आळीपाळीने लावायचो, सलग तीन नाइट एकीला कधीच नाही. पण दुसरं कुणी नसेल, किंवा पेशंट समोर कोसळत असेल, तर तिथे नाही म्हणायला जागा नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चार्ज घ्यायचा आणि लांब राहायचं. त्यापेक्षा सरळ नकार दिलेला कितीतरी प्रामाणिक, निदान तिथे दुसरी सिस्टर तरी येते.

अवयव प्रत्यारोपणाचं कुणीतरी विचारेलच म्हणून सांगते. २००२ मध्ये कॅलिफोर्नियात एका कैद्याला हृदय मिळालं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. अवयव कमी आणि रांग मोठी, तिथे मन खरंच हलतं, माझंही. तरी मी त्याच बाजूची आहे की यादीत नंबर आजारावर आणि औषधपाणी पाळता येईल का यावर लागावा. एकदा का चारित्र्याचे मार्क द्यायला लागलो की ते मार्क देणार कोण?

आणि एक गोष्ट जी बाहेरच्यांना दिसत नाही, निःपक्षपाती म्हणजे कमी नाही तसंच जास्तही नाही. कैदी वॉर्डात मला सगळ्यात जास्त संताप कुठे आला असेल तर तो इथे. ज्याचं नाव मोठं, ज्याची माणसं बाहेर गाड्या घेऊन उभी, त्याच्या छातीत कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी दुखायचं. ईसीजी नॉर्मल, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, आणि तरी मुक्काम तीन आठवडे, स्वतंत्र खोली, भेटायला येणाऱ्यांची रीघ. आणि त्याच वॉर्डात कोपऱ्यातल्या कॉटवर एक पाकीटमार पोरगा टीबीचा, खोकून खोकून बरगड्या दुखत होत्या त्याच्या, त्याला दोन आठवड्यांत परत पाठवला, औषधाचा कागद सोबत दिला की नाही हे बघायला मी दुसऱ्या दिवशी फोन केला तर तिकडे कुणालाच माहीत नव्हतं. कुख्यात माणसाला उपचार मिळतात म्हणून लोक चिडतात, पण ज्याला कुणी ओळखत नाही त्या कैद्याला मिळत नाहीत यावर कुणी बोलत नाही. तुमच्या पेशंटला तेच मिळायला हवं जे त्या पोराला मिळायला हवं होतं.

मुलांच्या आईवडिलांचा विचार येतो मनात, की त्यांना काय वाटेल. तो यावाच. एका केसमध्ये मला वडील लिफ्टपाशी भेटले होते, म्हणाले सिस्टर, मरू द्या त्याला. आणि त्यांच्याच शेजारी उभी असलेली आई म्हणाली, नाही, तो बोलला पाहिजे, मला कळलं पाहिजे. मी दोघांनाही काही सांगू शकत नव्हते, पेशंटची माहिती देता येत नाही, मी फक्त तिथे उभी राहिले. तुम्हालाही त्याला माफ करायचं नाहीये, त्याच्याबद्दल कणव आणायची नाहीये. कॉटपासून दूर आल्यावर रडा, चिडा, विश्वासातल्या सहकारणीशी बोला. फक्त ग्रुपवर काही टाकू नका, फोटो तर अजिबात नाही.

परवा रात्री चार्ज घ्याल तेव्हा आधी बेडी कुठल्या हाताला आहे ते बघा आणि बेल दुसऱ्या हाताशी आणून ठेवा. बेडीखालची कातडी टॉर्च लावून बघा, एक बोट आत जातंय ना ते बघा. नळ्या सगळ्या कॉटच्या त्या बाजूने घ्या जिथे साखळी नाही. मग तासातासाला युरोबॅगेचा आकडा. सकाळी हँडओव्हर झाला की इथे लिहा कसं झालं, मी दुपारी दोननंतर बघेन.